नाक्यावरचा सहायक फौजदार: तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानाचा प्रकरण अभ्यास

पोलीस दलात हुद्द्याची उतरंड फार कडक असते आणि ती माणूस गेल्यावरही सुटत नाही. स्मारकाच्या फलकावर नावे हुद्द्याच्या क्रमाने कोरली जातात, भाषणात ती त्याच क्रमाने घेतली जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जे पोलीस मारले गेले त्यांत दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे, चकमकींमुळे शहराला माहीत असलेले विजय साळसकर आणि रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे होते. त्याच रात्री डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळेही गेले. उतरंडीने पाहिले तर त्यांचे नाव फलकाच्या खालच्या अर्ध्यात यायला हवे. लोकांच्या तोंडी मात्र ते करकरे यांच्या बरोबरीने येते, कधी आधीही येते.

हे कसे घडले, हा या अभ्यासाचा पहिला प्रश्न. ओंबळे यांचा सन्मान पदकाने झाला, पुतळ्याने झाला, एका कोळ्याच्या शास्त्रीय नावाने झाला, आता गावातल्या स्मारकानेही होतो आहे. यातल्या प्रत्येक प्रकाराने त्या रात्रीचे नेमके काय जपले आणि काय पुसले, हा दुसरा. मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसाला मान द्यायचा म्हणजे काय करायचे याचे उत्तर त्यात आहे, आणि आपण ते बहुधा चुकीच्या जागी शोधतो.

घटनेचा तपशील

समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांपैकी अजमल कसाब आणि अबू इस्माईल ही जोडी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेली. तिथे पन्नासहून अधिक माणसे मारून ते पादचारी पुलावरून बाहेर पडले आणि कामा रुग्णालयात शिरले. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत, रंगभवनजवळ, त्यांनी पोलिसांच्या क्वालिसवर गोळीबार केला. त्या गाडीत करकरे, कामटे आणि साळसकर होते, शिवाय चार पोलीस कर्मचारी होते. त्यांतले अरुण जाधव तेवढे जखमी अवस्थेत वाचले. मृतदेह बाहेर ओढून दोघांनी तीच क्वालिस पळवली. जाधव मागच्या भागात मेल्यासारखे पडून होते आणि गाडी सोडून दोघे उतरल्यावर त्यांनी बिनतारी संचावरून कळवले. क्वालिसचा टायर फुटला होता, म्हणून नरिमन पॉइंटच्या बाजूला त्यांनी एक चंदेरी स्कोडा अडवली, आतल्यांना खाली उतरवले आणि मरीन ड्राइव्ह धरला.

स्कोडाचे वर्णन कंट्रोल रूमकडून नाक्यांवर पोचले. गिरगाव चौपाटीपाशी, न्यायालयीन कागदपत्रांत जिला विनोली चौपाटी म्हटले आहे त्या जागी, डी. बी. मार्ग ठाण्याच्या पथकाने नाकाबंदी लावली होती. मध्यरात्र उलटली होती. स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडे थांबली. पोलिसांनी दिवे बंद करून खाली उतरायला सांगितले. गाडीने दिवे प्रखरच ठेवले, काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केले, म्हणजे बाहेरून आतले काही दिसू नये. मग वळून पळण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकावर चढली. गोळीबार झाला. पोलिसांच्या गोळ्यांनी इस्माईल पडला. कसाब शरण येत असल्यासारखा खाली उतरला, पण त्याच्याकडे एके-४७ होती. ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी रायफलची नळी पकडली. कसाबने घोडा दाबला. गोळ्या ओंबळे यांच्या पोटात गेल्या, सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर यांनाही एक लागली. नळी मात्र सुटली नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी कसाबवर झडप घातली. लाठ्यांचा मार देऊन त्याला जिवंत ताब्यात घेतले.

या हकिगतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ही घटना एका नाकाबंदीवर घडली. नाकाबंदी हे पोलिसांच्या कामातले सगळ्यात कंटाळवाणे काम. रात्रभर उभे राहायचे, टॉर्च मारून डिकी उघडायला सांगायची, दारू प्यालेल्यांच्या शिव्या खायच्या, 'माझा काका अमुक आहे' हे ऐकून घ्यायचे. वर्षातल्या बहुतेक रात्री त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. त्या रात्री झाले, कारण निरोप वेळेवर आला, बॅरिकेड जागेवर होते, पथक जागे होते आणि गाडीत कोण असू शकते याची कल्पना असतानाही कोणी मागे सरले नाही. ओंबळे यांचा पराक्रम या व्यवस्थेच्या टोकाला घडलेला आहे, तिच्या बाहेर नाही.

पदक आणि मुलाखती

२६ जानेवारी २००९ ला, म्हणजे पुरते दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र दिले गेले. शांतताकाळातल्या शौर्यासाठी देशात यापेक्षा मोठे पदक नाही. त्याच दिवशी करकरे, कामटे आणि साळसकर यांनाही ते मिळाले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्र सिंह यांनाही.

उतरंड इथे पहिल्यांदा मोडली. अशोक चक्राला हुद्दा नसतो. अतिरिक्त आयुक्ताला जे चक्र तेच सहायक फौजदाराला. सैन्याला ही गोष्ट नवी नाही, आणि ओंबळे स्वतः पोलिसात येण्याआधी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये होते, नाईक म्हणून निवृत्त होऊन १९९१ मध्ये मुंबई पोलिसात दाखल झाले होते. पण पोलिसांत, जिथे हवालदाराने पकडलेल्या आरोपीच्या पत्रकार परिषदेत साहेब मध्यभागी बसतात, तिथे हे विरळ होते.

पदकासोबत मुलाखती आल्या, विशेष पुरवण्या आल्या, चौकाचौकात बॅनर लागले, आणि कथेत भर पडत गेली. ओंबळे यांना किती गोळ्या लागल्या? कुठे पाच लिहिल्या जातात, कुठे तेवीस, कुठे चाळीस. एके-४७ च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये तीस गोळ्या बसतात, एवढे लक्षात घेतले तर चाळीसचा आकडा कुठून आला असेल याचा विचार करावासा वाटतो. काही वृत्तांतांत ओंबळे मोटरसायकलवरून स्कोडाचा पाठलाग करत येतात, काहींत ते नाक्यावरच उभे असतात. हातात कुठे लाठी, कुठे वॉकीटॉकी, कुठे दोन्ही.

यावर कोणी म्हणेल की काय फरक पडतो, माणूस तर गेलाच. फरक पडतो. गोळ्यांचा आकडा वाढवणाऱ्याला वाटते की त्याने मान वाढवला. पण भरलेल्या रायफलची नळी मुठीत धरणे हेच शौर्य आहे, आणि ते एका गोळीतही तेवढेच आहे. उलट वाढवलेला आकडा ज्याला संशय येईल त्याच्या हातात पूर्ण कथेलाच खोडून काढण्याचे निमित्त देतो. ही भेसळ आहे, आणि सणासुदीला मिठाईत होते तशी ती उत्साहाच्या दिवसांतच जास्त होते.

लाठी विरुद्ध एके-४७ ही मांडणी तर आणखी निसरडी. ती भाषणात टाळ्या घेते. पण तिच्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, नाक्यावरच्या इतर पोलिसांकडे शस्त्रे होती आणि ती त्यांनी वापरली, म्हणूनच इस्माईल पडला. एकट्या लाठीने कसाब पकडला असे म्हणणे पथकावर अन्याय आहे. दोन, सहायक फौजदाराच्या हातात लाठीच का होती, हा प्रश्न लाठीचे कौतुक करता करता नाहीसा होतो. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी करताना शस्त्रे, दारूगोळा आणि सराव यांतल्या उणिवांवर बोट ठेवले. फोर्स वन हे विशेष पथक २००९ मध्ये उभे राहिले ते या उणिवांतूनच. लाठीचा गौरव करायचा तर सोबत हेही सांगावे लागते, नाहीतर आपण एका माणसाच्या धैर्याने सरकारी हिशेब चुकते करतो.

ज्या स्मारकाकडे कोणी स्मारक म्हणून पाहत नाही

आता या प्रकरणाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. ओंबळे यांचे सर्वांत मोठे स्मारक पुतळा नाही, खटल्याचे दप्तर आहे.

हल्लेखोरांजवळ हैदराबादच्या एका महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती, त्यांवर हिंदू वाटावीत अशी नावे होती. हल्ल्याची जबाबदारी घेणारा ई-मेल 'डेक्कन मुजाहिदीन' या कोणी कधी न ऐकलेल्या नावाने आला होता. दहाही जण मेले असते तर तपास या दोन खोट्या धाग्यांपासून सुरू झाला असता आणि त्यांच्यातून सुटायला किती काळ गेला असता सांगणे कठीण. कसाब जिवंत हाती लागला आणि त्याच्या जबानीतून कराची, प्रशिक्षणाचे तळ, 'कुबेर' ही पळवलेली नौका, फोनवरून सूचना देणारे सूत्रधार, असे एकेक बाहेर आले. क्राइम ब्रँचने फेब्रुवारी २००९ मध्ये दाखल केलेले आरोपपत्र ११ हजारांहून अधिक पानांचे होते.

खटला ऑर्थर रोड कारागृहात, न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांच्यासमोर चालला. सरकारी वकील उज्ज्वल निकम होते. कसाबला बचावासाठी वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली. ३ मे २०१० ला तो दोषी ठरला आणि त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. तो दिवस अनेकांना खटकला होता. मला मात्र वाटते की या खटल्याला वजन आले ते त्या दोन सुटकांमुळे. सगळ्यांनाच फासावर चढवणारा खटला जगाने गंभीरपणे घेतला नसता. ६ मे ला फाशीची शिक्षा, फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवडा कारागृहात अंमलबजावणी.

त्या दप्तरात विनोली चौपाटीचा एक स्वतंत्र गुन्हा आहे. पंचनामा आहे, गोविलकर आणि इतर पोलिसांच्या साक्षी आहेत, जप्त केलेल्या शस्त्रांची यादी आहे, शवविच्छेदनाचा अहवाल आहे. ओंबळे यांनी काय केले हे तिथे शपथेवर सांगितलेले आहे, बचाव पक्षाने ते तपासून पाहिले आहे, तीन न्यायालयांनी मान्य केले आहे. कोणत्याही बॅनरवरच्या मजकुराची एवढी परीक्षा झालेली नाही. आणि ते दप्तर बंदही झालेले नाही: हल्ल्याआधी मुंबईत पाहणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष दिली, त्याचा साथीदार म्हणून आरोपी असलेल्या तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आणले गेले.

हेच दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे, कारण नोंद हरवली की काय होते तेही त्याच रात्रीने दाखवले. करकरे यांच्या अंगावरचे बुलेटप्रूफ जॅकेट नंतर गहाळ झाले. त्या जॅकेटचा दर्जा काय होता, हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला आणि न्यायालयापर्यंत गेला. वस्तूच नाही म्हटल्यावर तो कायमचा अर्धवट राहिला. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमच्या संभाषणांच्या नोंदी मागवल्या, त्या रात्री कोणी कोणाला काय कळवले आणि मदत का पोचली नाही हे शोधायला. हार घेऊन आलेल्या मंत्र्यांपेक्षा त्या अर्जाने कामटे यांचा सन्मान जास्त केला असे मी म्हणेन.

चौपाटीवरचा पुतळा आणि आयुक्तालयातले स्मारक

गिरगाव चौपाटीला, जिथे ते पडले त्याच परिसरात, ओंबळे यांचा पुतळा आहे. दरवर्षी २६ नोव्हेंबरला तिथे फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात, गिरगावातले कार्यकर्ते आणि शाळांची मुले येतात. एरवी मरीन ड्राइव्हवर फिरायला आलेली माणसे शेजारून जातात. काही थांबतात, फोटो काढतात. पुतळा म्हणून त्याच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. त्याची ताकद जागेत आहे. अनंत चतुर्दशीला लाखोंची गर्दी जिथून समुद्राकडे जाते, भेळ खायला आख्खी मुंबई जिथे येते, तिथे एक सहायक फौजदार उभा आहे. बंदोबस्तावरचे पोलीस त्याच्याच आसपास उभे असतात.

अधिकृत कार्यक्रमाचे मात्र उलट झाले. २६/११ च्या पोलिसांचे स्मारक आधी मरीन ड्राइव्हवर, पोलीस जिमखान्यात होते. कोस्टल रोडच्या कामामुळे ते हलवले गेले आणि २०२० पासून राज्यपाल, मुख्यमंत्री, गृहमंत्री आणि कुटुंबीय क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्तालयाच्या आवारात पुष्पचक्र वाहतात. व्यवस्था नेटकी आहे, सलामी चोख असते. पण समुद्रालगतच्या रस्त्यावरून, रोज हजारो लोक जातात तिथून, स्मारक गेटच्या आत गेले. पोलिसांचे दुःख पोलिसांच्या आवारात गेले, असा त्याचा अर्थ निघतो. कोणाचा तसा हेतू असेल असे नाही. शहराला वर्षातून एकदा ते टीव्हीवर दिसते.

या सोबत २१ ऑक्टोबर ठेवून पाहावा. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा पोलीस स्मृतिदिन देशभर पाळतात. मुंबईत नायगावच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर परेड होते. शोकधून वाजते, हवेत फैरी झाडल्या जातात, आणि मुख्य म्हणजे गेल्या वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या सर्व पोलिसांची नावे वाचली जातात. राज्य, हुद्दा, नाव. राज्य, हुद्दा, नाव. ऐकताना पाय दुखायला लागतात, उन्हात उभी असलेली माणसे चुळबुळ करतात. तरी मला या दिवसातला हाच भाग खरा वाटतो, कारण वाचणाऱ्याला कोणतेही नाव गाळता येत नाही. दिल्लीत चाणक्यपुरीत २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक झाले, त्याच्या भिंतीवर स्वातंत्र्यापासूनची ३४ हजारांहून अधिक नावे होती. नाव गाळायचे नाही, हे तत्त्व तिथे दगडात आहे. पण कोणी काय केले हे ना मैदानावर कळते ना भिंतीवर.

कोळी

२०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी 'आयशियस तुकारामी' हे नाव दिले. बातमी आली तेव्हा काहींनी हसून घेतले: अशोक चक्र विजेत्याच्या नावाने कोळी? पण जीवशास्त्रातल्या नावाचे एक वैशिष्ट्य आहे. नगरसेवक बदलला म्हणून ते बदलत नाही, रस्ता रुंद करताना उखडले जात नाही. आणि नव्या प्रजातीच्या शोधनिबंधात नाव का दिले याचा खुलासा लिहिण्याची प्रथा आहे. म्हणजे यापुढे जगात कुठेही कोणी त्या कोळ्याचा अभ्यास करेल तेव्हा तो खुलासा त्याच्यासमोर येणार. चौकाच्या नामफलकावर अशी सोय नसते. चौकाला नाव मिळते, कारण मिळत नाही. गंमत अशी की इथेही गोळ्यांचा तो मोठा आकडा बातम्यांसोबत फिरला.

बाकीचे

एका माणसाचे प्रकरण निवडण्यात एक धोका असतो, आणि तो इथे टाळता येत नाही. ओंबळे यांच्यावर जेवढा प्रकाश पडला तेवढीच बाकीच्यांवर सावली पडली. प्रकाश मोरे, बापूसाहेब दुरगुडे, बाळासाहेब भोसले, अरुण चित्ते, जयवंत पाटील, योगेश पाटील, अंबादास पवार. राज्य राखीव पोलीस दलाचे राहुल शिंदे. रेल्वे सुरक्षा दलाचे एम. सी. चौधरी, गृहरक्षक दलाचे मुकेश जाधव. ही यादी पाठ असलेला माणूस पोलीस दलाबाहेर मला अजून भेटायचा आहे.

राहुल शिंदे यांच्या बाबतीत गावाने स्वतःच काम केले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले त्यांचे सुलतानपूर आता राहुलनगर म्हणून ओळखले जाते. त्यासाठी कागदपत्रांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करावा लागला. ताज हॉटेलात शिरलेल्या पोलिसांपैकी एकाचे नाव त्याच्या गावच्या प्रत्येक दाखल्यावर येणार. मुंबईतल्या नामकरणांच्या समारंभांत असा चिवटपणा दिसत नाही.

आणि ज्यांच्या मृत्यूला २६/११ सारखी तारीख नाही त्यांचे काय? ऑगस्ट २०१६ मध्ये खारमध्ये वाहतूक शाखेचे विलास शिंदे यांनी एका दुचाकीस्वाराला अडवून कागदपत्रे मागितली. त्याच्या भावाने डोक्यात लाकडी दांडका घातला. काही दिवसांनी शिंदे यांचा रुग्णालयात मृत्यू झाला. तेव्हा शहर हळहळले, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, पोलिसांवरच्या हल्ल्यांबद्दल आठवडाभर बोलणे झाले. गिरगावात आणि खारमध्ये मुळात काम एकच होते: रस्त्यात उभे राहून येणाऱ्या गाडीला थांब म्हणणे. एका गाडीत दहशतवादी होते, दुसऱ्या गाडीवर परवाना नसलेला अल्पवयीन मुलगा. अडवणाऱ्याला समोर कोण आहे हे पुरते कधीच माहीत नसते. करोनाकाळात नाक्यांवर आणि वस्त्यांमध्ये संसर्ग होऊन जे पोलीस गेले त्यांना तर समोर काहीच दिसत नव्हते. त्यांच्या कुटुंबांना राज्याने ५० लाखांची मदत जाहीर केली, पण त्यांचा पुतळा कुठे नाही आणि असावा असेही मी म्हणत नाही. त्यांच्या नोंदी मात्र असायला हव्यात.

केडंबे

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले केडंबे हे ओंबळे यांचे गाव. जावळीच्या डोंगरातून माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला आली, माथाडी झाली, गिरणीत लागली, पोलिसात भरती झाली. गावी स्मारक व्हावे ही मागणी जुनी होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले.

रक्कम मोठी आहे. या पैशातून दगड, लॉन, दिवे आणि कमान उभी राहील यात शंका नाही. आपल्याकडे एवढे तर होतेच. आत काय असेल हे अजून ठरवता येण्यासारखे आहे. माझ्या मते तिथे विनोली चौपाटीच्या नाकाबंदीचा नकाशा असावा, निकालपत्रातला त्या प्रसंगाचा भाग मराठीत असावा, बिनतारी संचावरच्या निरोपांचा क्रम असावा. पोलीस भरतीची तयारी करणारी जावळीतली, वाईतली, पाटणमधली मुले ते पाहायला येतील आणि नाकाबंदी कशी लागते हे त्यांना तिथे कळेल. आणि दारातच एक पाटी असावी. तिचा मजकूर मी असा लिहीन:

'२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, बारा वाजून गेल्यावर. मुंबईत गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने नाकाबंदी लावली होती. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालय परिसरात माणसे मारून, पळवलेल्या गाडीतून आलेले दोन दहशतवादी पथकाने अडवले. एक पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. दुसऱ्याच्या रायफलची नळी सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातांनी धरली. गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. त्यात ते गेले. तो दहशतवादी जिवंत पकडला गेला, त्याच्यावर उघड खटला चालला आणि हल्ला कोणी घडवला हे जगाला कळले.'

खाली पथकातल्या सर्वांची नावे, जिवंत असलेल्यांचीही, डी. बी. मार्ग ठाण्याच्या त्या रात्रीच्या ड्यूटी रजिस्टरवरून घेतलेली. आणि शेजारच्या भिंतीवर त्या रात्री गेलेल्या इतर पोलिसांची नावे, प्रत्येकासमोर तो कुठे होता आणि काय करत होता हे सांगणारे एक वाक्य. ही वाक्ये लिहायला १३ कोटी लागत नाहीत. कोर्टाचे दप्तर उघडून बसणारी दोन माणसे लागतात, आणि गृहखात्याची परवानगी.